‘वुल्फ मून’ की शाकंभरी पुनव? हिवाळ्यातल्या पूर्ण चंद्राची नावं आणि त्याचा फोटो काढायची रीत

हिवाळ्यातली पौर्णिमा आली की मोबाइलवर दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिली म्हणजे ‘आज वुल्फ मून’, ‘आज कोल्ड मून’ अशा पोस्ट. दुसरी म्हणजे काळ्या आभाळात पांढरा ठिपका असलेले फोटो, आणि खाली ‘डोळ्यांना खूप सुंदर दिसत होता, फोटोत आला नाही’ अशी ओळ.

या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. चंद्राचा फोटो चांगला यायला महागडा कॅमेरा लागतोच असं नाही. चंद्र कुठून उगवेल, किती वाजता उगवेल आणि किती उंच जाईल, हे आधी माहीत असावं लागतं. आपल्याकडच्या पौर्णिमांच्या नावांमध्ये त्यातली बरीच माहिती दडलेली आहे. ती नावं कोणती आणि फोटो काढताना त्यांचा उपयोग कसा करायचा, हे जुन्नर तालुक्यातल्या बेल्हे गावाचं उदाहरण घेऊन पाहू. महाराष्ट्रात इतरत्र राहत असाल तरी फारसा फरक पडणार नाही.

‘वुल्फ मून’ हे नाव आलं कुठून?

जानेवारीचा वुल्फ मून, फेब्रुवारीचा स्नो मून, नोव्हेंबरचा बीव्हर मून, डिसेंबरचा कोल्ड मून. ही नावं उत्तर अमेरिकेतली आहेत. तिथल्या मूळ रहिवासी जमाती आणि युरोपातून येऊन वसलेले लोक यांच्या बोलण्यातली नावं विसाव्या शतकात तिथल्या शेतकरी पंचांगांनी छापायला सुरुवात केली. ‘मेन फार्मर्स अल्मनॅक’ने १९३० च्या दशकात ती लोकांपुढे आणली. पुढे इंटरनेटमुळे ती जगभर पसरली.

नावांमध्ये वाईट काही नाही. ती त्या प्रदेशाची आहेत, एवढंच. जानेवारीत तिथे बर्फ असतो आणि लांडगे ओरडतात. बीव्हर हा पाण्यात बांध घालणारा प्राणी आपल्याकडे नाहीच. बेल्ह्यात जानेवारीत ऊसतोड चालू असते, कांदा शेतात असतो आणि पहाटे शेतांवर धुकं असतं.

‘सुपरमून’ हा शब्द त्याहून नवा आहे. रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषाने तो १९७९ मध्ये वापरला. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो कधी जवळ, तर कधी लांब असतो. जवळ असताना पौर्णिमा आली की तिला सुपरमून म्हणतात. सर्वांत लांबच्या पौर्णिमेच्या तुलनेत तो सुमारे १४ टक्के मोठा दिसतो. शेजारी ठेवून पाहायला दुसरा चंद्र नसल्यामुळे नुसत्या डोळ्यांना हा फरक सहसा कळत नाही.

आपल्याकडची नावं कोणती?

आपल्याकडे पौर्णिमेला ‘पुनव’ म्हणतात आणि प्रत्येक पुनवेला स्वतःचं नाव आहे. थंडीच्या दिवसांतली नावं अशी:

त्रिपुरी किंवा त्रिपुरारी पौर्णिमा (कार्तिक): शंकराने त्रिपुरासुराचा वध केला, अशी कथा. देवळांत त्रिपूर लावतात, दीपमाळा उजळतात. फोटोसाठी ही सोयीची पौर्णिमा, कारण चंद्राखाली दिव्यांचा उजेड असतो.

दत्त जयंती (मार्गशीर्ष): दत्तजन्माचा दिवस. गावोगावच्या दत्तमंदिरांत संध्याकाळी जन्मसोहळा होतो आणि साधारण त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र वर येतो.

शाकंभरी पौर्णिमा (पौष): पौष शुद्ध अष्टमीला सुरू झालेलं शाकंभरी नवरात्र या दिवशी संपतं. शाकंभरी ही भाज्या देणारी देवी. शेतात भाजीपाला भरपूर असतो त्या दिवसांतलं हे नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीची मोठी यात्रा याच पुनवेला असते. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो.

माघी पौर्णिमा (माघ): माघस्नानाची सांगता या दिवशी होते. थंडी ओसरायला लागलेली असते.

हुताशनी पौर्णिमा (फाल्गुन): म्हणजे होळी, शिमगा. हिवाळ्याचा निरोप.

काही नावं एखाद्या भागापुरती आहेत. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्मा अर्थात रेणुकेला मानणारे लोक मार्गशीर्ष पौर्णिमेला ‘रांडाव पुनव’ म्हणतात आणि माघातल्या पौर्णिमेला ‘अहेव पुनव’. जमदग्नींच्या वधानंतर देवीला वैधव्य आलं आणि नंतर पती पुन्हा मिळाला, ही कथा त्या दोन पुनवांच्या मध्ये मांडली आहे. ‘रांडाव’ हा शब्द आज कानाला खटकतो, पण दोन पौर्णिमांमधला काळ देवीच्या दुःखाचा काळ म्हणून पाळणारी माणसं त्या नावामागे आहेत. लोकांमध्ये रुजलेलं नाव म्हणतात ते असं.

महिन्याच्या नावात चंद्राचा पत्ता

सणांची नावं बाजूला ठेवली तरी महिन्याचं नाव उरतंच, आणि फोटो काढणाऱ्याला तेच सर्वांत उपयोगी आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला नाव मिळालं आहे. कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ. अधिक महिन्यांमुळे तारखा मागेपुढे होतात, म्हणून चंद्र नेमका त्या नक्षत्रात किंवा शेजारच्या नक्षत्रात सापडतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: कार्तिकी पुनवेला चंद्राजवळ कृत्तिकांचा पुंजका शोधा. चंद्राच्या झगझगाटात तो डोळ्यांना दिसणार नाही, दुर्बिणीतून दिसेल. मार्गशीर्षात लालसर रोहिणी आणि मृगाचे ठळक तारे चंद्राच्या परिसरात असतात. माघात मघा नक्षत्राचा मुख्य तारा सोबत असतो.

उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्यांची नावं वेगळी पडतात, पण पौर्णिमेचं नाव दोन्हीकडे एकच राहतं.

बेल्ह्याहून चंद्र कुठे उगवतो?

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आकाशात समोरासमोर असतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून चंद्र उत्तरेकडे असतो. एक सोपं सूत्र लक्षात ठेवा: हिवाळ्यातला पूर्ण चंद्र साधारण तिथून उगवतो, जिथून जून महिन्यातला सूर्य उगवतो.

बेल्हे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मार्गशीर्ष पौर्णिमेचा चंद्र नेमक्या पूर्वेला न उगवता २० ते ३० अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश जागा व्यापते. म्हणजे पूर्वेकडे तोंड करा आणि डावीकडे दोन-तीन मुठी मोजा. पौषातही जवळपास हेच. माघात चंद्र पूर्वेच्या बराच जवळ येतो, एखाद-दीड मूठच डावीकडे.

बेल्ह्याच्या पूर्वेला कल्याण-नगर रस्ता आणे घाट चढून पठारावर जातो. त्या बाजूच्या डोंगरांमुळे चंद्र ॲपमधल्या वेळेपेक्षा उशिरा दिसतो, कारण ॲप सपाट क्षितिज धरून वेळ सांगतं. डोंगर क्षितिजापासून एक अंश उंच असेल तर चार-पाच मिनिटांचा उशीर धरा.

पहाटे चंद्र पश्चिमेच्या तेवढाच उत्तरेला मावळतो. बेल्ह्याहून पाहिलं तर ही दिशा साधारण माळशेजकडची. धुक्याच्या पहाटे डोंगररांगेवर उतरणारा चंद्र हा उगवत्या चंद्रापेक्षाही चांगला विषय आहे आणि त्या वेळी गर्दीही नसते.

मध्यरात्री मात्र फोटोची आशा ठेवू नका. थंडीतली पुनव बेल्ह्यात जवळपास डोक्यावर येते, काही वर्षी डोक्यावरून किंचित उत्तरेकडेही जाते. टिपूर चांदणं पडतं, गप्पांना उत्तम. पण चंद्रासोबत झाड, देऊळ, माणूस काहीच चौकटीत येत नाही आणि फोटोत फक्त एक पांढरी चकती उरते.

नेमकी कोणती संध्याकाळ?

पौर्णिमा ही तिथी आहे आणि चंद्र पूर्ण होण्याचा एक क्षण असतो. तो क्षण दिवसा आला तर कोणत्या संध्याकाळी जायचं, असा प्रश्न पडतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळे एका दिवसाची चूक महागात पडते.

२०२६-२७ च्या हिवाळ्याची उदाहरणं घेऊ.

मार्गशीर्ष: २४ डिसेंबर २०२६ ला सकाळी सुमारे ७ वाजता चंद्र पूर्ण होतो. २३ तारखेच्या संध्याकाळी तो सूर्यास्ताआधी उगवेल. तेव्हा शेत, देऊळ, माणसं सगळं उजेडात असेल. २४ च्या संध्याकाळी तो अंधार पडताना उगवेल. आधीची संध्याकाळ निवडा. २०२६ मधला पृथ्वीच्या सर्वांत जवळचा पूर्ण चंद्र हाच आहे.

पौष: २२ जानेवारी २०२७ ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास. सूर्य मावळणं आणि चंद्र उगवणं जवळपास एकाच वेळी. जागा आधी ठरवून ठेवा.

माघ: २१ फेब्रुवारी २०२७ ला पहाटे पाचच्या सुमारास. म्हणून २० तारखेची संध्याकाळ घ्या.

सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत मोलाची. तेव्हा आभाळ आणि चंद्र यांच्या उजेडात फार तफावत नसते आणि दोन्ही एका फोटोत नीट येतात. त्यानंतर जमीन काळी पडते किंवा चंद्र पांढरा फटक होतो.

चंद्र मोठा दिसण्याचं गणित: ११० हा आकडा

डोंगरावर टेकलेला चंद्र मोठा वाटतो, पण तो मनाचा खेळ आहे. मोजला तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा किंचित लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका जास्त दूर असतो. कॅमेऱ्याला असा भास होत नाही, म्हणून फोटोत तो लहान दिसतो.

फोटोत चंद्र मोठा दाखवायचा असेल तर समोरच्या वस्तूपासून लांब जा आणि झूम करा. चंद्र त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावर आहे. म्हणून कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट लांब गेलं की चंद्राएवढी दिसते. पावणेसहा फुटी माणूस सुमारे १९० मीटरवरून. १० मीटर उंचीचा कळस ११०० मीटरवरून.

बेल्ह्याच्या पश्चिमेला खोडदजवळ जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. गणित मांडलं तर सुमारे पाच किलोमीटरवरून अँटेनाची थाळी आणि चंद्र एकाच आकाराचे दिसतील. उगवता चंद्र हवा असेल तर अँटेनाच्या पश्चिम-नैऋत्येला उभं राहावं लागेल, मावळता हवा असेल तर पूर्व-आग्नेयेला. जवळ जाण्याची गरज नाही आणि जाऊही नका. तिथे अवकाशातले अत्यंत क्षीण रेडिओ संदेश टिपले जातात आणि मोबाइलच्या लहरी त्यात अडथळा आणतात. परिसरात मोबाइल बंद ठेवण्याची सूचना पाळा.

शिवनेरीचंही तसंच. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि रात्री वर थांबता येत नाही. पण किल्ल्याचा फोटो खालून, लांबूनच चांगला येतो.

मोबाइलवर कसा काढायचा?

चंद्र पांढरा ठिपका का होतो? आपल्यासाठी रात्र असली तरी चंद्राच्या त्या बाजूवर भर दिवस असतो, सूर्य थेट तापत असतो. फोन मात्र काळं आभाळ पाहून अंधार आहे असं समजतो आणि जास्त उजेड आत घेतो. म्हणून उजेड कमी करणं हेच मुख्य काम.

१. नाइट मोड आणि फ्लॅश बंद करा.
२. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग बोट खाली सरकवा आणि चंद्रावरचे काळे डाग दिसेपर्यंत उजेड कमी करा.
३. फोनला टेलिफोटो लेन्स असेल तर तेवढाच झूम वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम फोटो फाडतो.
४. फोन ट्रायपॉडवर, भिंतीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर टेकवा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावा.
५. प्रो मोड असेल तर आयएसओ ५० ते १००, शटर १/१२५ ते १/२५० पासून सुरुवात करा. चंद्र क्षितिजाजवळ तांबूस असताना शटर थोडं हळू ठेवा.

कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी जुना नियम आहे: आयएसओ १००, ॲपर्चर एफ ११, शटर १/१०० किंवा १/१२५. लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागा, म्हणजे सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल ते कळतं. २०० मिलिमीटरच्या लेन्सने जेमतेम १.८ मिलिमीटर, ६०० च्या लेन्सने साडेपाच मिलिमीटर.

फोनने दाखवलेला चंद्र खरा असतो का?

मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनच्या फोटोत आले. चंद्र ओळखला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तपशील सुधारले जातात, असं स्पष्टीकरण नंतर कंपनीने दिलं. ही सोय बंदही करता येते.

तुम्हाला असा फोटो चालत असेल तर हरकत नाही. पण डोंगराएवढा चंद्र दुसऱ्या फोटोतून उचलून चिकटवला असेल तर तसं लिहा. ओळखणाऱ्याला ते लगेच कळतं. चंद्राची दिशा चुकलेली असते, किंवा चंद्रासमोरून ढग जाण्याऐवजी ढगांसमोरून चंद्र जात असतो.

उसाच्या फडाजवळ उभं राहू नका

जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या खेड, शिरूर तालुक्यांत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्लं वाढवतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि बिबटे जागा बदलू लागतात. चंद्रोदयाची आणि पहाटेची वेळ ही नेमकी त्यांच्या हालचालीची वेळ. माणसांवर हल्ले झाले आहेत आणि त्यात जीवही गेले आहेत. एका फोटोसाठी हा धोका घेऊ नये.

– एकट्याने जाऊ नका. लहान मुलांना नेऊ नका.
– मोकळं माळरान, गावाजवळचा रस्ता किंवा घराची गच्ची निवडा. उसाच्या कडेला, ओढ्यात, झुडपांजवळ उभं राहू नका.
– ट्रायपॉडमागे बराच वेळ उकिडवं बसू नका. खाली वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. ट्रायपॉड उंच करा आणि उभं राहून काम करा.
– बोलत राहा, टॉर्च जवळ ठेवा, गाडी शेजारी असू द्या.
– बिबट्या दिसला तर पाठलाग किंवा व्हिडिओ करू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

दुसरा धोका विहिरींचा. शेतात बिनकठड्याच्या विहिरी असतात आणि कॅमेऱ्यात डोळा घालून मागे मागे सरकणाऱ्याला त्या दिसत नाहीत. जागा दिवसा पाहून ठेवा, शेतमालकाला विचारा. तिसरा रस्त्यावरच्या ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा. अनेकांना मागे दिवे नसतात, म्हणून रस्त्याच्या अगदी कडेला ट्रायपॉड लावू नका.

आणि कॅप्शन?

‘वुल्फ मून’ लिहायला कोणाची बंदी नाही. पण ‘शाकंभरी पुनव, बेल्हे, २२ जानेवारी’ एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याला महिना कळतो, चंद्र पुष्याच्या आसपास होता हे कळतं, त्या दिवशी जेजुरीला यात्रा होती हेही आठवतं. तुमच्या गावात त्या पुनवेला वेगळं नाव असेल तर तेच लिहा. आजीला, आत्याला विचारा, कारण अशी कितीतरी नावं अजून फक्त बोलण्यात आहेत. फोटोखाली नाव, गाव आणि तारीख लिहिली की ती नोंद होते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहणाऱ्यालाही उपयोगी पडते.